भंडाऱ्यात न्हालेली डॉक्टरीण

दादासो बोलायला लागला की आधी त्याचे हात बोलतात. बारामती–इंदापूर एसटीचं भलंमोठं चाक वर्षानुवर्षं फिरवलेले ते हात. हॉटेलाच्या बाकावर बसून तो साधी घरची गोष्ट सांगत असला तरी समोरच्याला वाटावं, आता वळण येणार. आनंद तर त्याला एकट्याला पेलतच नाही. घरच्या गाईला कालवड झाली त्या दिवशी त्याने निमगावच्या थांब्यावर मागे वळून साऱ्या प्रवाशांना ती बातमी दिली होती. पुढे कितीतरी दिवस इंदापूरच्या बाया गाडीतून उतरता उतरता कालवडीची चौकशी करत.

मी त्याला चौथीत शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वस्तीला लागूनच घर बांधलं, आणि तेव्हापासून त्याच्या आनंदातला माझा वाटा ठरून गेला.

नव्वदनंतरची ती वर्षं. बारामतीच्या रस्त्यांवर नव्या चकचकीत गाड्या दिसू लागल्या होत्या, आणि दादासोने घरी आणली एक जुनी काळी ऑस्टिन. इंदापूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची ती गाडी भर रस्त्यात बंद पडायची. मागून येणारा दादासो एसटी थांबवायचा, चार तगडे प्रवासी उतरवायचा आणि डॉक्टरांना ढकलून मार्गी लावायचा. डॉक्टर कायमचे पुण्याला मुलाकडे निघाले तेव्हा म्हणाले, "हिला माझ्यापेक्षा तूच जास्त चालवलीस. घेऊन जा." वस्तीवर गाडीचं नाव पडलं डॉक्टरीण.

गाडी दारात लागली त्याच दिवशी दादासोने आईला शब्द देऊन टाकला. "आय, हिची पयली लांबची खेप तुझ्या माहेराला."

बानूबाईचं माहेर जुनं पळसदेव. तरुणपणी तिने मेंढरांमागे हा सगळा मुलूख पायी तुडवला होता. उजनीचं पाणी आलं तेव्हा गाव वर नव्या जागी गेलं. माहेरचं घर, रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावायची जागा आणि तिथेच बाभळीखाली मांडलेला त्यांचा बिरोबा, सगळं खाली राहिलं. त्यानंतर ती तिकडे गेलीच नाही. आता गुडघे एसटीची पायरी चढू देत नव्हते. पाणी फार आटलं की जुनं देऊळ वर येतं, हे तिला ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात भिगवणहून येणारी मासेवाली छबूबाई सांगत आली की देऊळ पार पायथ्यापर्यंत उघडं पडलंय, पण वरच्या धरणांचं पाणी आता कधीही सुटेल. बानूबाई एवढंच म्हणाली, "औंदा दिसलं तर दिसलं." तिचं वय पाहता त्यात आणखी काय दडलंय ते कुणाला विचारावं लागलं नाही.

ही गाडी आपल्याला बिरोबाच्या जागेवर नेणार म्हणून बानूबाईने पहिल्याच रविवारी तिची पूजा केली. जनावराच्या कपाळाला भंडारा लावतात, पण गाडीचं कपाळ कोणतं? तिने बॉनेट उघडायला लावलं. "जीव हितं हाय न्हवं?" म्हणाली, आणि हळदीची भरली मूठ इंजिनावर उधळली. मग दर रविवारी हा कार्यक्रम ठरला. एसटीतला माणूस दादासो. त्याला दिसेल त्या सांध्याला ग्रीस चोपडायची सवय. आईची पूजा आटोपली की त्याचं ग्रीस सुरू. मायलेक दोघं मिळून डॉक्टरणीचं असं कोडकौतुक करत होती.

छबूबाईने बातमी आणली त्या गुरुवारी दादासोची सुट्टी होती. त्याने आईला मागच्या सीटवर बसवलं, मला पुढे घेतलं. "गुरुजी, तुमी चला. ढकलायला एक माणूस कमी पडतंय." तो हे गमतीने म्हणाला होता.

कालव्याच्या पुलाच्या चढापर्यंत गाडी छान गेली. चढ संपला, दादासोने पाय उचलला, तरी इंजिन आपलं ओरडतच राहिलं. समोर शेळ्यांचा कळप. दादासोने ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. शेळ्या गेल्या, शेळ्यांची मालकीण चार शब्द ऐकवून गेली, आणि हळूहळू इंजिनाचा आवाज उतरत उतरत गेला तो थेट बंदच झाला. पुन्हा सुरू केली. पाय ठेवला की डरकाळी, पाय काढून जरा थांबलं की मरण. आम्ही तिला ढकलत घरी आणली. आई आत बसून होती. दादासो सारखा म्हणत होता, आये, उतरू नको, चाललीच हाय बग गाडी.

पाय काढल्यावर इंजिन किती चालू राहावं ते ठरवणारा कार्बोरेटरचा छोटा स्क्रू दुपारी दादासोने हाती घेतला; रेस चढते म्हणून मागच्या रविवारीही त्याने तो थोडा ढिला केला होता. रेस जास्त राहते म्हणून स्क्रू ढिला केला, तर गाडी थोड्याच वेळात बंद पडू लागली. बंद पडते म्हणून आवळला, तर पुन्हा डरकाळी. असं करता करता संध्याकाळ व्हायला आली आणि त्याचा तोल सुटू लागला. तेव्हा त्याने कचरूला बोलावलं.

कचरू स्टँडजवळच्या गॅरेजात फिटर. दोघं माझ्याच वर्गात, एकाच पाटावर बसायचे. कचरू गाडीकडे बघायच्या आधी दादासोकडे बघून म्हणाला, "ड्रायव्हरनं स्क्रूला हात लावला का गाडी आजारी पडतीच."

"तुला गाडी बगायला बोलीवलंय, मला न्हाय."

"तुला बघितल्याबिगर गाडीचं दुखणं कळायचं कसं?"

पण कामाला लागल्यावर कचरूही रंगात आला. त्याचं म्हणणं असं, की स्क्रूचा दोष असता तर गाडीने कायम एकच खोड दाखवली असती. ही कधी जास्त पळते, कधी मरते, म्हणजे काहीतरी मागे यायला वेळ लावतंय. पायाखालच्या पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत एक सळई जाते. मध्ये एका खुंटीभोवती फिरणारा लोखंडी कोपरा असतो, तो सळईची ओढ वळवून पुढे देतो. कचरूने सळई कार्बोरेटरपासून सोडवली आणि कार्बोरेटरचा खटका बोटाने ओढून सोडला. टक्. जागेवर. पुन्हा ओढला. टक्. दादासो लगेच उड्या मारायच्या बेतात आला. "म्हंजे कार्बोरेटर चांगलाय!"

मग कचरूने मधला कोपरा ओढून सोडला. तो म्हातारी म्हैस उठावी तसा सावकाश, थांबत थांबत मागे आला. आम्ही तिघं त्यावर वाकलो. स्प्रिंग त्याला ओढत होती आणि त्याला यायचं नव्हतं. दादासो जेव्हा जेव्हा स्क्रू ढिला करत होता तेव्हा हा कोपरा अर्ध्यात अडकलेला असे. तो उशिराने जागेवर आला की इंजिन बंद पडे.

कचरूने खुंटीची पिन काढली आणि आत तार फिरवली. तारेवर निघालं ते ना ग्रीस, ना माती. घट्ट, काळं, मधे मधे पिवळं. उटण्याच्या गोळीसारखं. त्याने नाकाशी धरलं, मग दादासोच्या नाकाशी धरलं. दादासोने वासावरून ग्रीसमध्ये मळलेला भंडारा ओळखला आणि पहिल्यांदाच त्याचे हात गप्प झाले.

बानूबाई ओसरीवर बाजेवर बसली होती. आईला हे कसं सांगायचं, या विचाराने दादासोचा चेहरा पडला. तो मला हळूच म्हणाला की माझ्याच ग्रीसमुळं झालंय असं सांगतो. ते अर्धं खरंही होतं. पण बानूबाईचे डोळे गुडघ्यांसारखे थकलेले नव्हते.

"काय निगालं रं कचरू? दाव हिकडं."

कचरूने दादासोकडे पाहिलं, मग उठून तार तिच्या हातात दिली. "आत्या, घाण हाय. हाताला लागंल."

तिने ते बोटात चुरगाळलं आणि वास घेतला. मग दादासोकडे पाहून म्हणाली, "मेंढरं कातरायच्या कातरीचा खिळा असाच धरायचा. लोकरीचं त्याल बसायचं त्यात. तुजा बा रॉकेलात बुडवून ठिवायचा." तारेवरचं पिवळं त्याला दाखवत तिने पुढे सांगितलं, "देवानं काय म्हनलंय का, मला इंजिनातच घाल म्हनून? सांगायचं न्हाय व्हय मला?"

"आये, मला तरी कुटं ठावं हुतं!"

"मग रॉकेल आन. तोंड काय बगतोस."

खुंटी आणि कोपरा रात्रभर रॉकेलात राहिले. सकाळी कचरू कामावर जायच्या आधी आला. खुंटी पुसून कोरडी केली, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि दादासोचा ग्रीसचा डबा त्याने खुशाल माझ्या हातात देऊन टाकला. आता कोपरा ओढून सोडला की टक्. दादासोने तो इतक्या वेळा ओढला की कचरूने त्याचा हात धरला. इंजिन तापू दिलं, मग स्क्रू सावकाश फिरवला. आवाज उतरत गेला, खोल झाला आणि एका जागी बसला. दादासोने पाणी भरलेला तांब्या बॉनेटवर ठेवला. पाणी नुसतं थरथरत राहिलं, सांडलं नाही.

त्याने डेपोत निरोप पाठवून दिवसाची रजा घेतली.

निघताना बानूबाईने सवयीने भंडाऱ्याची पिशवी मागितली. मूठ भरली, बॉनेटपाशी थांबली, मग ती मूठ पदराच्या टोकाला बांधली आणि आत येऊन बसली. भिगवणपर्यंत दादासो प्रत्येक फाट्यावर मुद्दाम पाय उचलून बघत होता. डॉक्टरीण दर वेळी शहाण्यासारखी शांत होत होती, आणि तो खिडकीतून ओळखीच्या माणसांना हात करून सांगत होता, आयला माहेराला न्हेतुय.

पळसदेवच्या काठावर टणक जमिनीपर्यंत गाडी नेली. समोर भेगाळलेला गाळ, त्यापलीकडे देऊळ, आणि देवळाच्या पायाला पुन्हा पाणी लागलेलं. वर कुठल्यातरी धरणाची दारं उघडली होती. आणखी एखादा दिवस उशीर झाला असता तर ओटाही दिसला नसता.

दादासो किल्लीला हात लावणार एवढ्यात बानूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे चालू. चांगली बोलतीया."

आम्ही दोघांनी धरून तिला गाळाच्या कडेपर्यंत नेलं. देवळाच्या उजव्या अंगाला अंतर मोजल्यासारखी तिने नजर सरकवली आणि पाण्यातल्या एका जागी बोट थांबवलं. तिथे तुम्हाआम्हाला नुसतं पाणी दिसलं असतं.

"थितं बाबळ हुती. तिच्याखाली देव."

तिने पदराची गाठ सोडली. वारा आमच्या मागून होता. दर रविवारी इंजिनावर पडणारी ती मूठ तिने वर उडवली, आणि पिवळा लोट गाळावरून पाण्याच्या दिशेने गेला. दादासो आईचा दंड धरून उभा होता, आणि मागे डॉक्टरीण एका लयीत चालू होती.