शालूबाईनं चढलेला डोंगर

ठिबकच्या नळ्या तालुक्यात सगळ्यात जास्त विकल्या म्हणून आटपाडीच्या पप्पूला कंपनीनं मॉरिशस सहलीच्या दोन जागा दिल्या. बायको, रेश्मा, जायला तयार होती. पण त्याच आठवड्यात तिच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. जागा फुकट जाऊ देणं पप्पूच्या जिवावर आलं. आईचा पासपोर्ट घरात होता. धाकटा बिरदेव दुबईला होता तेव्हा काढलेला, नुसताच पडून राहिलेला.

"काय असतं रं तिथं बघायला?" शालूबाईनं विचारलं.

"समुद्र. राजधानीचं शहर हाय, पोर्ट लुईस. डोंगर हायेत."

"डोंगर असतील तर येते."

शालूबाई बासष्ट वर्षांची. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर मेंढरांमागं चाललेली. दिवाळी झाली की पाटणच्या अंगानं घाट उतरून कोकणात, आणि पावसाच्या तोंडाला परत. नवरा गेला, मेंढरं विकली, पप्पूनं दुकान टाकलं, तेव्हापासून तिच्या पायांना काम उरलं नव्हतं. तोंडाला होतं. आल्यागेल्यात खोट काढायची तिला सवय लागली होती आणि खोट सापडायची पण.

सहलीत चाळीस दुकानदार होते. त्यांच्यात मोठा उदयसिंह. कोरेगावकडचा ऊसवाला, चार तालुक्यांचा वितरक, पप्पूचा सगळा माल त्याच्याकडून यायचा. विमानतळावरच तो म्हणाला, "पप्पू, लोक बायको आणतात, तू आई आणलीस." सगळे हसले. पप्पूही हसला. ते शालूबाईनं पाहिलं.

पहिल्या दिवशी बस त्यांना शहरावरच्या जुन्या किल्ल्यात घेऊन गेली. बस थेट दारापर्यंत गेली, तरी आतल्या पायऱ्यांवर तिघेजण कंबर धरून बसले. खाली बंदर होतं, बोटी होत्या, घोड्यांच्या शर्यतीचं हिरवं मैदान होतं, आणि शहराच्या पाठीशी डोंगरांची रांग उभी होती. एका सुळक्याच्या टोकावर तर अख्खा धोंडा, कुणी उचलून ठेवल्यासारखा. चाळीस माणसांनी त्या सगळ्याकडं पाठ केली, मोबाईल वर धरले आणि दात दाखवले. काम झाल्यावर बसमध्ये जाऊन बसले. त्यांनी वळून डोंगर पाहिला असेल तर शप्पथ.

बाजारात गेले तर शेंगदाण्याची चटणी मिळत नाही म्हणून कुरकुर. बागेत परातीएवढ्या पानांची कमळं होती. तिथं एकजण म्हणाला, आमच्या शेततळ्यात लावली तर किती येतील. मग बंदरावरचा घाट. पूर्वी हिंदुस्थानातून बोटी भरभरून मजूर यायचे, ते याच दगडी पायऱ्या चढून उसाच्या कामाला जायचे, असं वाटाड्यानं सांगितलं.

"म्हणजे ऊसतोड टोळीच की," उदयसिंह म्हणाला. "आमच्या कारखान्यावर दर साली बघतो आमी." आणि तो गार हवेची खोली शोधत निघून गेला.

शालूबाईनं त्या पायऱ्या मोजल्या. सोळा होत्या. डोक्यावर बोचकं, काखेत पोर घेऊन आलेल्या बाईचा पाय पहिल्या पायरीवर कसा पडला असेल ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दूर जाणाऱ्या उदयसिंहाच्या पांढऱ्या बुटांकडं बघून ती एवढंच म्हणाली, "ह्याला बोटीनं आणला असता तर मालकानं परत धाडला असता."

तिसरा दिवस मोकळा होता, खरेदीसाठी. शालूबाईनं हॉटेलच्या टॅक्सीवाल्याला गाठलं. त्याचं बिहारी वळणाचं हिंदी आणि तिचं मोडकं हिंदी बरं जुळलं. अंगठ्यासारखा दिसणारा तो डोंगर चढता येतो, म्हणाला. उसातून वाट आहे. पप्पूला सोबत जावं लागलं. आणि उदयसिंहानं ऐकलं तसं तोही निघाला, कारण शिखरावरचा व्हिडिओ टाकला की कंपनीतल्या साहेबांच्या नजरेत भरेल.

वाट आधी उसातून, मग झाडीतून गेली. उदयसिंह दर वळणावर थांबून मोबाईलसमोर बोलायचा. झाडी संपून माळ लागला तिथं तो बसला. तोंड लालबुंद झालेलं.

"मावशी, झालं की. हितनं पण दिसतंय."

"हितनं निम्मंच दिसतंय," शालूबाई म्हणाली. "तुमी बसा."

पप्पूनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा उदयसिंहाकडं, आणि उदयसिंहापाशी बसला.

तिनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि ती एकटी वर गेली. शेवटचा टप्पा उभा खडक होता. हात टेकून चढावं लागलं. दहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या पोटऱ्या दुखल्या आणि तिला ते दुखणं गोड लागलं. वर वारा होता. एका अंगाला पोर्ट लुईस, काड्यापेट्या मांडल्यासारखं; बंदर; आणि पलीकडं नुसतं निळं. दुसऱ्या अंगाला ऊस, आणि उसाच्या शेवटाला परत समुद्र. तिनं मनात अंदाज बांधला: मेंढरं घेऊन निघालं तर हे बेट दोन-तीन मुक्कामांत संपेल. चारा मात्र चांगला होता. ती पोटभर बसली आणि खाली आली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर उदयसिंह गोष्ट सांगत होता. शेवटचा खडक कसा उभा, हात कसे टेकावे लागले. ते त्यानं शालूबाईलाच उतरताना विचारून घेतलं होतं. "व्हिडिओ न्हाई काढला, मोबाईल पडला असता. काय पप्पू?"

"व्हय साहेब," पप्पू म्हणाला. "वर लय वारा हुता."

"आणि मावशी?" कुणीतरी विचारलं.

"आये खाली बसली हुती," पप्पू म्हणाला. "वय झालं."

शालूबाई भात कालवत होती.

लिफ्टमध्ये दोघंच असताना पप्पू म्हणाला, "आये, तालुक्याची एजन्सी त्यांच्या हातात हाय. तुला काय फरक पडतोय?"

"मला न्हाई पडत," ती म्हणाली, आणि बाजारात वय चोरून आणलेल्या मेंढीकडं बघावं तसं तिनं पोराकडं बघितलं. चौथा मजला येईपर्यंत बघत राहिली.

एजन्सी पप्पूला मिळाली. शालूबाईनं गावात कुणाला काही सांगितलं नाही. रेश्मानं मात्र स्वयंपाक करता करता विचारलं, तेव्हा तिला सगळी वाट सांगितली, कुठं झाडी, कुठं माळ, खडकाला कुठं पाय ठेवायचा. शेवटी म्हणाली, "तुझा नवरा दमला न्हवता. बसला हुता. त्ये येगळं."

दिवाळीनंतर तिनं बिरदेवला सांगून सहा मेंढ्या आणवल्या. आता सकाळी त्या घेऊन ती गावामागच्या डोंगराला जाते. वितरकाची आई मेंढरं राखती म्हणून लोक हसतात, असं पप्पूनं दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्यांदा ती उंबऱ्यात वहाणा घालत होती.

"हसणारं वर येत न्हाईत रं," ती म्हणाली, आणि काठी घेऊन निघाली.