जास्वंदीचा चहा

बाजारात दालचिनीचा वास आला की मला जव्हारचा तो बंगला आठवतो, जिथे मी भांडी घासायला जायचे. आमच्या घरी गुळाचा कोरा चहा. तिथल्या बाई मात्र मला रोज वेगळा चहा द्यायच्या, कधी दालचिनीचा, कधी संत्र्याच्या सालीचा. जास्वंदीचा लाल, आंबट चहा पहिल्यांदा प्यायले तेव्हा माझं तोंड वाकडं झालं. पुढे तोच मला सगळ्यात जास्त आवडू लागला. एकदा पाहुणे आले. बाईंनी सगळ्यांसमोर मला तो चहा दिला आणि मोबाईल धरला. मी चवीने प्यायले. “अगं, असं काय? त्या दिवशीसारखं तोंड कर ना!” बाई म्हणाल्या. मी केलं. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. तो व्हिडिओ अजून त्यांच्याकडे असेल. त्यात मला तो चहा आवडत नाही.