मिठाचं मशीन

स्विमिंग पूलच्या मशीनचा भिंतीवर बॉक्स आहे, त्याचा लाल दिवा लागला तेव्हा मला वाटलं, वीज गेली-आली म्हणून असेल. गोराईत वीज अशी येते-जाते की घरातल्या प्रत्येक वस्तूला कधी ना कधी लाल दिवा लागतो. मी बटण बंद केलं, परत चालू केलं, दिवा गेला. दुसऱ्या दिवशी परत लागला. आठवडा संपेपर्यंत पूलचं पाणी पालक उकळलेल्या पाण्यासारखं झालं आणि तळाच्या लाद्यांवर शेवाळ धरलं.

पूल मी बांधला तो पाहुण्यांसाठी. मालाडच्या सोसायट्यांमध्ये डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली, मग बाजारात ओटा मिळवला, मग हॉटेलांना माल द्यायला लागले आणि त्यातून सासऱ्यांच्या वाटणीत आलेल्या जागेवर बंगला उभा केला. शनिवार-रविवारी अंधेरी-मालाडची माणसं येतात, पाण्यात डुंबतात, माझ्या हातचं कालवण खातात. पण नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि पूल त्याचा झाला. त्याची डावी बाजू गेली होती. जमिनीवर काठी घेऊनही चार पावलांत त्याला घाम फुटायचा. छातीएवढ्या पाण्यात मात्र माझा हात धरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की हे थांबवू नका, पाय एकदा आखडला की परत सोडवणं फार जड जातं.

आणि आता ते थांबलं होतं. शेवाळावर धड माणसाचा पाय टिकत नाही, त्याचा काय टिकणार. समुद्रावर न्यावं तर लाट पाय उचलते. शिवाय ज्या किनाऱ्यावरून त्याने जन्मभर होडी लोटली तिथे बायकोचा हात धरून उभं राहायला तो मेला तरी तयार नव्हता. मी बाजारातून क्लोरीनची पावडर आणून टाकली. पाणी दोन दिवस निवळलं, पण त्याच्या डोळ्यांची आग झाली, खोकला लागला. मग पाणी परत हिरवं. तो खुर्चीत बसून पूलकडे बघत राहायचा आणि मी त्याच्या पावलाकडे. पाऊल आत वळायला लागलं होतं.

हे मिठाचं मशीन दिराने बसवून घेतलं होतं. धाकटा दीर होड्यांच्या इंजिनांची कामं करतो, त्यामुळे जगातलं प्रत्येक मशीन आपल्याला कळतं असा त्याचा समज आहे. त्याच्या ओळखीच्या माणसाने बसवलं. पाण्यात मीठ टाकायचं, ते पाणी पंपाने एका नळकांड्यातून जातं, त्या नळकांड्याला सेल म्हणायचं, त्याच्या आत पट्ट्या असतात, पट्ट्यांत करंट सोडला की मिठातूनच क्लोरीन तयार होतं. मला हे चार वेळा समजावून सांगितलं गेलं आणि चारही वेळा मी समजलं म्हणाले.

दिराने दिवा बघितला, सेल उघडला, पट्ट्यांवर बसलेला पांढरा थर नखाने खरवडला आणि म्हणाला, सेल मेला, नवीन टाकायला लागेल. का मेला, हे त्याने मला सांगितलं नाही. ते त्याने सांगितलं शेजारच्या हळदीला, सगळ्या भावकीसमोर. वैनीने सुक्या मासळीचं मीठ टाकून मशीन मारलं, म्हणाला. स्वस्त पडतं ना. माणसं पोट धरून हसली. जन्मभर मिठात हात घातलेल्या बाईला हा मीठ शिकवतो, हे मला लागलंच. पण जास्त लागलं ते हे की मी वळून बघितलं तेव्हा नवराही हसत होता. निदान त्याच्या तोंडाची चांगली बाजू वर गेलेली होती. झटक्यापासून त्याच्या चेहऱ्यावरचं मला नीट वाचता येत नाही. हसला की नुसता घास गिळत होता, हे मी विचारलं नाही. पण ते मनातून गेलंही नाही.

सेल मी आणणार, तू मधे पडायचं नाही, असं मी दिराला सांगून टाकलं. तो म्हणाला, बरं. हे त्याचं बरं मला कधी कळलेलं नाही.

जुना सेल प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी तरीने बोरिवलीला उतरले आणि मेट्रो धरली. तिथल्या तपासणीवाल्या मुलीने पिशवी उघडली आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, मशीनचा भाग. कसलं मशीन? मिठाचं. तिने माझ्याकडे बघितलं, पिशवीचा वास घेतला, कारण ती पिशवी एरवी बोंबलाची, आणि जा म्हणाली.

साकीनाक्याला एका गल्लीत, लेथच्या गाळ्यांच्या मधोमध, पूलच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदार चाळिशीतला, गळ्यात चष्मा अडकवलेला. त्याने जुन्या सेलमध्ये टॉर्च मारला आणि काचेच्या टेबलावर दोन नवे सेल ठेवले. एक मूळ कंपनीचा, एक दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचा, म्हणे चालणारा. दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आणि दिसायला जुळे भाऊ.

मासा मी बघून घेते. गळफडा उचलला, आत लाल दिसलं, डोळा फुगलेला असला, बोटाने दाबलं आणि खळगा राहिला नाही, की मग भावाचं बोलायचं. इथे मी दोन्ही सेल उचलले, वजन केलं, आतल्या काळपट पट्ट्या उजेडाकडे धरून बघितल्या. दोन्हीत तेवढ्याच पट्ट्या, तेवढाच काळपटपणा. मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी तोंडावर ते दिसू दिलं नाही.

जुना का गेला म्हणून विचारलं तर तो म्हणाला, पट्ट्यांवर जो लेप असतो तो उडालाय. कशाने? व्होल्टेजनेही जातो, म्हणाला. कचरा असलेल्या मिठानेही जातो. कोणी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तरी जातो. मुळात माल डुप्लिकेट असेल तर असाही जातो. मी म्हटलं, एक काहीतरी सांग. तो म्हणाला, मावशी, मेलेल्याला विचारता येत नाय ना.

मग भाव सुरू झाला. मी चालणाऱ्याचा भाव विचारला, मूळ कंपनीच्या मालाला नावं ठेवली, दाराच्या बाहेर दोन वेळा गेले, एकदा तर रिक्षाही थांबवली. दुसऱ्या वेळेला आत आले तेव्हा मी मावशीची मॅडम झाले होते. मी म्हटलं, चालवून दाखव. तो म्हणाला, असं कोणी दाखवत नाही. मी स्टुलावर बसले आणि पदराने वारा घ्यायला लागले. शेवटी त्याने बादलीत पाणी घेतलं, मीठ ढवळलं, मूळ कंपनीचा सेल त्यात बुडवून वायर जोडली. पट्ट्यांमधून बारीक बुडबुडे निघाले. मग मी चालणारा लावायला लावला. त्यातूनही तसेच बुडबुडे निघाले.

"आता फरक काय ते तूच सांग," मी म्हटलं.

"फरक आज नाय दिसणार, मॅडम. दोन वर्षांनी दिसेल."

दोन वर्षं. माझ्या डोळ्यांसमोर ते आत वळलेलं पाऊल आलं. मी चालणारा सेल बाजूला सारला आणि मूळ कंपनीच्या सेलवर भाव सांगितला, असा की कोणीही शहाणा माणूस शिवी देईल. त्याने हिशोबाचं यंत्रही उचललं नाही. घ्या, म्हणाला.

इथेच माझं डोकं फिरलं. मासळीत इतक्या पटकन कोणी खाली आलं की समजायचं, माल कालचा. तो दहा वेळा नाही म्हणाला असता, तर मी खुशीने त्याच भावाला घेतला असता. आता सेल माझ्या हातात, भाव माझ्या मनासारखा, आणि मला वाटतंय की मी लुटले गेले. मी त्याला विचारलं, का रे, इतकं सोडलंस? तो म्हणाला, तुमच्याशी बोलून दुपार गेली मावशी, जेवायचंय मला. मी पट्ट्यांकडे परत बघितलं. हा बादलीतलाच आहे ना, की खोक्यात दुसरा घालशील? त्याने ओला सेल पुसून माझ्यासमोर खोक्यात ठेवला. निघताना त्याने ओरडून सांगितलं की शुद्ध पांढरं मीठच टाका, खडे मीठ नाही. मी ऐकलं नाही असं दाखवलं. संपूर्ण मेट्रोभर मी खोकं मांडीवर घेऊन स्वतःशीच भांडत होते.

सेल बसवायला शेवटी दीरच आला. मी बोलावलं नव्हतं. नवऱ्याने बोलावलं असावं, पण दोघांनीही ते सांगितलं नाही. त्याने पाण्यावरची घाण काढली, पंपाची जाळी धुतली, जुन्याच्या जागी नवा सेल घट्ट केला आणि बटण दाबलं. दिवा लालच.

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. साकीनाक्याच्या त्या माणसाचं खानदान, दिराची ओळख, मशीन काढणारी कंपनी, कोणालाही सोडलं नाही. दीर शांतपणे बॉक्सची छोटी खिडकी वाचत होता. मग त्याने सांगितलं की सेल ठीक आहे, पाण्यात मीठ कमी आहे. हिरवं पाणी पातळ करायला मी टँकर ओतून घेतला होता, त्यात सगळं मीठ फिकं झालं होतं.

मागच्या पडवीत सुक्या मासळीच्या खड्या मिठाच्या गोणी होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, दिराने माझ्याकडे बघितलं, आणि खुर्चीतून नवऱ्याने आम्हा दोघांकडे. तेच मीठ टाकलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. मी अजून मानत नाही की माझ्या मिठाने सेल मेला. व्होल्टेज असेल, डुप्लिकेट असेल, नख मारून मारून दिरानेच लेप उडवला असेल. पण नसेल तर? नवऱ्याचा पाय पडवीच्या पायरीवर टेकलेला होता, अंगठा आत दुमडलेला.

"पांढरं मीठ आण बोरिवलीवरून," मी दिराला म्हटलं. "तुझं खरं म्हणून नाय. मला परत मेट्रोने जायचं नाय म्हणून."

मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि आमचं जुंपणार. मी तयार होते. तो म्हणाला, "किती गोणी, वैनी?" आणि गाडी काढून गेला. आजपर्यंत मला कळलेलं नाही की त्याने तोंड का मिटलं. त्याने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत दिवा हिरवा झाला. पाणी काही लगेच निवळलं नाही. दीर रोज येऊन लाद्या घासत होता, मी जाळीने शेवाळ काढत होते. आम्ही एकमेकांशी फक्त ब्रश दे, पाइप धर, एवढंच बोललो. मग एका सकाळी तळाच्या निळ्या लाद्यांमधल्या रेघा दिसल्या. मी आधी स्वतः उतरून चालून बघितलं. पाय घसरत नव्हता.

नवऱ्याला उतरवताना दिराने एक बाजू धरली, मी दुसरी. मग दीर बाहेर जाऊन पायरीवर बसला. पहिल्याच पावलाला मला कळलं की पाय पूर्वीसारखा नाही. टाच टेकत नव्हती. पूर्वी आम्ही जाऊन-येऊन चार फेऱ्या सहज मारायचो, आता पलीकडच्या टोकाला पोचायच्या आतच त्याचा श्वास चढला. मी मनात साकीनाक्याच्या माणसाला, व्होल्टेजला, सगळ्यांना शिव्या देत होते, कारण गेलेले दिवस कोणाकडून भरून घ्यायचे ते मला कळत नव्हतं. तोंडाने मात्र म्हणत होते, पूर्ण फेरी. तो म्हणाला, अर्धी. त्याचे शब्द अजून जड येतात. मी म्हटलं, पूर्ण. तो म्हणाला, अर्धी, आणि तिथेच उभा राहिला, पूलच्या मधोमध.

मी हात ओढला. त्याने हात सोडवून घेतला.

मला वाटलं रागावला. मी परत हात पुढे केला तर त्याने मान हलवली. त्याचं तोंड एका बाजूने वर गेलेलं होतं आणि मला ते हसू की राग की नुसती धाप, काहीच समजेना. पाणी त्याच्या छातीवर हलत होतं. पायरीवरून दीर उठून उभा राहिला. मी ओरडणार होते, पडशील म्हणून.

त्याने डावा पाय उचलला. पाण्याखाली मला तो वाकडा दिसत होता, पाण्याने वाकडा की खरंच वाकडा, देव जाणे. टाच टेकली. मग उजवा. मग परत डावा, फार वेळ लावून. पलीकडच्या काठाला त्याचा हात लागला आणि तो तिकडेच तोंड करून श्वास घेत राहिला, माझ्याकडे पाठ करून.

"ये," तो म्हणाला. "उरलेली अर्धी."

मला बोलावतोय की दिराला, ते त्याने सांगितलं नाही. दीर जागचा हलला नाही. मी चालत गेले.