तात्या नळी काढू देईनात

मंगळवारी सकाळी आमच्या वॉर्डात एका नळीवरून चांगलंच अडलं...

मी बारामतीत एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. पळसदेवच्या तात्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. उजनीच्या पाण्यात मासे धरण्यात सगळं आयुष्य गेलेला माणूस. ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेली नळी आता काढायची होती... आणि तात्या काढू देईनात.

"राहू द्या की शिस्टर. उठायला नको, कुणाला हाक मारायला नको. लई सोय हाय. घरी पण घिऊन जातो म्हणलं."

त्यांची सून पदराआड हसत होती. मला हसू येईना... तात्यांच्या अंगात कणकण होती आणि पिशवीतली लघवी गढूळ दिसत होती.

शेवटी मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "तात्या, काही जंतूंच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात. त्या धाग्यांनी जंतू नळीला चिकटतात, मग वर बुळबुळीत थर धरतात. त्या थरात औषध नीट शिरत नाही."

तात्यांनी जरा विचार केला. "म्हंजी होडीच्या बुडाला शेवाळ धरतं तसं?"

"साधारण तसंच."

"ते खरवडावं लागतंय. हितं आतनं कसं खरवडणार तुमी?"

"म्हणून तर नळीच काढायची."

"मग काढा की. कवाचं नुसतं बोलत बसलाय."

नळी निघाली. पण आता लघवी आपली आपण झाली नाही, तर पुन्हा नळी... ही बातमी वॉर्डभर पसरली. शेजारच्या कॉटवरचे कन्हेरीचे आबा दर दहा मिनिटांनी "आली का?" विचारत होते. सुनेने बाथरूमचा नळ सोडून ठेवला, पाण्याच्या आवाजाने तरी होईल म्हणून.

दुपारी तात्या वॉकर धरून आत गेले. आम्ही दोघी दाराबाहेर. बराच वेळ काहीच नाही... मग आतून शांतपणे आवाज आला, "झाली."

आबांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

लघवीच्या रिपोर्टमध्ये इन्फेक्शन निघालंच. पण औषधाने ताप दोन दिवसांत उतरला आणि शनिवारी तात्या घरी गेले.

अकरा वर्षं मी "सरांनी सांगितलंय" एवढंच म्हणून नळ्या काढत आले. कारण सांगितलं तर माणसाला ते कळतं... हे मला तात्यांमुळे कळलं.