वाद्याच्या बाजूची अडचण

“मॅडम, लोखंडात दोष कुठं हाय ते सांगनारा कोन मानूस हाय का तुमच्याकडं?”

फोनवर दामोदरकाका होते. वय पंचावन्न, राहणार तुर्भे गाव, एका वर्कशॉपमध्ये फिटर. मी महाप्याच्या एका कंपनीत टेक सपोर्टला आहे. कंपनी ऑनलाइन संगीत शिकवते. क्लासमध्ये आवाज गेला, चित्र अडकलं, की विद्यार्थी तिकीट टाकतो, म्हणजे तक्रार नोंदवतो. आम्ही ती सोडवतो. निदान बंद तरी करतो.

काकांची ही तिसरी तक्रार. तिन्हींचा मजकूर एकच होता : नोट मरते. आधीच्या दोन मीच बंद केल्या होत्या. कारणांच्या यादीत ‘वाद्याच्या बाजूची अडचण’ वर क्लिक केलं, तयार उत्तर पाठवलं : कृपया आपले वाद्य तपासून घ्यावे. दोन क्लिकचं काम. माझं रेटिंग उत्तम होतं.

“काका, वाद्य कुठलं तुमचं?” मी पहिल्यांदाच विचारलं. तिसऱ्या तक्रारीला.

“पेडल स्टील गिटार. मीच बनवली.”

हे वाद्य मांडीवर घेत नाहीत. ते टेबलासारखं पायांवर उभं असतं आणि वाजवणारा त्याच्यासमोर बसतो. दहा तारा. डाव्या हाताने तारांवर पोलादाचा गुळगुळीत दांडा सरकवायचा, त्याला बार म्हणतात. बोटांनी तार दाबायची नाही. पायाशी पेडल, गुडघ्याशी लिव्हर. पेडल दाबलं की खालच्या सळ्या तार ओढतात आणि वाजता वाजता सूर वर चढतो. उजव्या पायाखाली आणखी एक पेडल, ते आवाजाचं. छेडलेली तार हळूहळू विझायला लागते, तसतसं हे पेडल दाबत जायचं. मग सूर तेवढाच भरीव राहून लांबत जातो. या वाद्याचं निम्मं कसब या लांबवण्यात आहे.

“शनिवारी रिव्ह्यू हाय,” काका म्हणाले. “नापास जालो तर साध्या गिटारच्या क्लासला टाकनार म्हनतात.”

“मग शिका की साधी गिटार. सोपी पडेल.”

“कशानं वाजवू, मॅडम? डाव्या हाताला तीन बोटं नाय माज्या. प्रेसमधी गेली.”

 प्रेस मला नवी नव्हती.

कॉलेजपासून मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिते. त्यातली कितीतरी पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा ठोकून कापणाऱ्या यंत्रावर. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणजे हात आत राहणार नाही. मालक काय करतो? एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवतो. काम भराभर होतं. मग एके दिवशी बोटं जातात आणि रिपोर्टात लिहितात : कामगाराचा निष्काळजीपणा. या दोन शब्दांविरुद्ध मी गेटवर उभं राहून घसा फोडला आहे. आणि इथे एसीत बसून मी तेच लिहीत होते. कामगाराच्या जागी वाद्य, एवढाच फरक.

बुधवारी शिफ्ट संपल्यावर मी तुर्भ्याला गेले.

काका पूर्वी हळदीच्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचे. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तार छेडायची. प्रेसने त्या डाव्या हाताचीच बोटं नेली. पुढे कधीतरी मोबाइलवर त्यांना पेडल स्टील दिसली. बोटांचं काम पाय आणि गुडघे करतात, हे फिटरच्या नजरेने लगेच हेरलं. जुन्या सागवानी दरवाजाची फळी, सायकलच्या ब्रेकच्या सळ्या, वर्कशॉपमधल्या अॅल्युमिनियमचे उरलेले तुकडे. दोन वर्षं खपून वाद्य उभं केलं. बार लेथवर स्वतः काढला आणि उरलेल्या बोटात अडकेल अशी कडी त्याला बसवली. हे वाद्य शिकवणारे आमच्याकडे एकच सर, डेल नावाचे, अमेरिकेत राहणारे. दर शनिवारी सकाळी क्लास.

काकी चहा घेऊन आल्या. “ताई, तुमची कंपनी आमच्या मानसाला वेडा करनार. सात आठवडं जालं, नुसता खोलतो नि बसवतो. माजा मिक्सर बिघडलाय, तो नाय खोलत.”

“मिक्सर कुठं शनिवारी अमेरिकेला ऐकवायचाय?” काका म्हणाले.

सात आठवडे डेल सर सांगत होते, सूर टिकत नाही, दोन सेकंदांत मरतो, काहीतरी सैल आहे, बघा. आणि काका बघत होते. फिटरकडे जॉब, म्हणजे त्याने बनवलेला भाग, रिजेक्ट होऊन आला, की तो इन्स्पेक्टरशी भांडत नाही. आपलंच माप पुन्हा घेतो. काकांनी तारा बदलल्या, बार जड केला, सळ्या चार वेळा उतरवून बसवल्या. दोष आपल्या हाताचाच, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पलंगाखाली वर्तमानपत्रावर कानस पडलेली होती, शेजारी चंदेरी भुकटी. मी पाहिली. विचारलं नाही.

“वाजवा,” मी म्हटलं.

काकांनी तार छेडली, पेडल दाबलं. सूर वर चढला आणि राहिला. राहिला, राहिला. काकी कप घेऊन आत जाऊन परत आल्या, तरी होता.

मग मी माझा फोन घेऊन गल्लीच्या टोकाला गेले, अॅपवरून क्लास जोडला आणि काकांनी पुन्हा छेडलेला तोच सूर ऐकला. दोन सेकंद. खलास.

कारण साधं होतं. आमच्या अॅपमध्ये नॉइज कॅन्सलेशन आहे, म्हणजे नको तो आवाज गाळायची सोय. ती बोलण्यासाठी बनवलेली आहे. माणूस बोलताना थांबतो, चढतो, उतरतो. पंखा थांबत नाही. म्हणून सॉफ्टवेअरने ठरवलं : जो आवाज एकसारखा चालतो तो पंखा, काप. काका जितका सूर नीट लांबवायचे, तितका तो पंखा ठरायचा. कच्चं वाजवलं असतं, तर पास झाले असते.

गुरुवारी सकाळी मी टीम लीडसमोर उभी राहिले. निखिल नाव त्याचं.

“तू स्टुडंटच्या घरी गेलीस? आपली तशी प्रोसेस नाहीये.”

“नॉइज कॅन्सलेशन बंद करता येतं की नाही?”

“म्युझिक मोड आहे ना. पण डिफॉल्ट ऑफ ठेवलाय.”

“संगीताच्या अॅपमध्ये म्युझिक मोड ऑफ?”

“अगं, ऑन केला की पंखा, कुकर, कुत्री, सगळं ऐकू येतं. पेरेंट्स स्टार कमी देतात.”

“लांब सूर कापला जातो, हे माहीत होतं?”

“गाण्याच्या टीचर्सनी सांगितलं होतं. दोन वर्षं झाली. तंबोरा जात नाही म्हणे. तो आता जो तो आपापल्या फोनवर वेगळा लावतो. वर्कअराउंड आहे.”

“पेडल स्टीलला वर्कअराउंड काय?”

“एकच तर स्टुडंट आहे, यार. बेसिक गिटारला टाक. स्लॉट रिकामे आहेत.”

“त्यांना बोटं नाहीत.”

“फॉर्ममध्ये लिहिलंय का तसं?”

मी टेबल उलटवलं नाही. पत्रक लिहायला बसले. संघटनेत आम्हाला शिकवलंय, आधी गुन्हा लिहा, विशेषणं नंतर, जागा उरली तर. चार वाक्यं झाली. ‘आपलं अॅप लांब सूर कापतं. कंपनीला हे दोन वर्षं माहीत आहे. दोष विद्यार्थ्याच्या माथी मारला जातो. तुमच्या क्लासमध्ये हे घडलं असेल, तर खाली नाव लिहा.’ विशेषणांना जागा उरली होती, तरी लिहिली नाहीत. टीचर्सच्या ग्रुपवर टाकलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत गाणं, बासरी, सारंगी, सगळ्यांची नावं आली. व्हायोलिनच्या एका बाईंनी लिहिलं, “मी तीन मुलींना वर्षभर सांगतेय, गजावर हात कच्चा आहे. आता त्यांना काय सांगू?”

निखिल माझ्या टेबलाशी आला. “डिलीट कर.”

“नाही करणार.”

“तुझ्या अप्रेझलवर येईल हे.”

“येऊ दे.”

शुक्रवारी दुपारी म्युझिक मोड चालू झाला. एका क्लासपुरता. शनिवारी सकाळच्या.

काकांचं इंग्रजी बेताचं, म्हणून मी शेजारी बसले. त्यांनी सूर धरला. पडद्यावर डेल सर हळूहळू पुढे झुकले आणि तो संपेपर्यंत हलले नाहीत. मग काकांनी दुसरं पेडल दाबून सोडलं. सूर खाली आला, पण पुरता जागेवर आला नाही. माझ्यासारखीलाही तो खटकला.

“हे पेडल परत येत नाहीये,” सर म्हणाले. मी मराठीत सांगितलं.

काकांनी मान खाली घातली. “मंगळवारपर्यंत येत हुतं. सर म्हनले नोट मरते. बाकी समदं करून जालं हुतं. म्हनून चेंजर घासला.”

चेंजर म्हणजे तार ओढणारा अॅल्युमिनियमचा भाग. तो निर्दोष होता. कानशीने घासलेला धातू परत भरता येत नाही.

“मला बुधवारी का नाही सांगितलंत?”

“तुमी एवढ्या लांबून आलेल्या. कसं सांगनार?”

मी हेही इंग्रजीत सांगितलं. डेल सर म्हणाले, “मी सात आठवडे अर्धं वाद्य ऐकलं आणि पूर्ण वाद्याला नावं ठेवली. चूक माझी. रिव्ह्यू राहू दे. तो तुकडा नवीन करा. पुढच्या शनिवारी, याच वेळी.”

सात आठवड्यांत ‘चूक माझी’ म्हणणारा हा पहिला माणूस. ज्याची सगळ्यात कमी होती, तो.

“काय म्हनतात?” काकांनी विचारलं.

“पास म्हणतात.”

“पास नाय बोललं. एवढं इंग्लिश कळतं मना.”

“पुढच्या शनिवारी या म्हणतात.”

“मंग बास,” काका म्हणाले आणि तिथेच बसल्या बसल्या चेंजरचे स्क्रू सोडायला लागले. काकी आतून ओरडल्या, “परत खोलला?”

नवा तुकडा बनवायला तीन रविवार गेले. त्या दिवसांत काका तेवढं पेडल सोडून वाजवत होते. मला कंपनीची लेखी समज मिळाली. म्युझिक मोड बाकी सगळ्यांना अजून ऑफच आहे. तो कसा शोधायचा, याचं मदत-पान मलाच लिहायला लावलं. ते अॅपमध्ये अशा कोपऱ्यात ठेवलंय, की ते शोधायलाही एक पान लागेल. व्हायोलिनच्या बाईंसकट एकोणीस नावं त्या पत्रकाखाली आहेत. पुढचं पत्रक त्यांच्यासोबत लिहितेय.

यातून मी शिकले ते एवढंच : माणसाच्या खोलीत जाऊन ऐकल्याशिवाय त्याच्या वाद्याबद्दल एक अक्षर टाइप करायचं नाही.

काकांची आधीची दोन तिकिटं मी परत उघडली, तिसरं उघडंच होतं. बंद करायची तर कारण निवडावं लागतं. यादीत विद्यार्थी आहे, वाद्य आहे, इंटरनेट आहे, वीज आहे. कंपनी नाही. शेवटी ‘इतर’ आहे आणि त्यापुढे लिहायला छोटी चौकट. तिन्ही वेळा मी त्यात लिहिलं : आम्ही.