सुदेश गिरणवाल्याची बोटं

कट्टा गावच्या बाजारात सुदेश घाडीची पिठाची गिरण आहे. गिरण चालू असली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून शनिवारी सकाळी लोक नुसती भुवई उडवून विचारतात आणि सुदेश पिठाने पांढरा झालेला हात वर करून बोटं दाखवतो. शुक्रवारी कणकवलीला लागलेल्या पिक्चरला पाचपैकी किती, ते.

लाइट गेली की मात्र मजा असते. गिरण थांबते, डबे बाजूला सारून लोक पायरीवर बसतात आणि सुदेश हातवारे करत सगळं सांगायला लागतो. कॅमेरा कुठे होता, कोणाचं रडणं खरं वाटलं, इंटरव्हल चुकीच्या जागी कसा आला. शेवट मात्र कधी सांगत नाही.

त्याची रीतच वेगळी. ट्रेलर बघायचा नाही, काम कोणी केलंय ते विचारायचं नाही. थिएटरातून बाहेर आल्याआल्या कोणी विचारलं तर गप्प. दुसऱ्या दिवशी गिरण सुरू करताना पिक्चरमधलं आपोआप काय आठवतं ते बघायचं. काहीच आठवलं नाही तर एक बोट, मग हिरो कितीही मोठा असो. अशाच एका हिरोला त्याने एक बोट दाखवलं, तेव्हा चहाच्या हॉटेलवाल्या भाईने रागाने महिनाभर दळण दुसरीकडे नेलं होतं. सुदेशने बोट काही वाढवलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मच्छीमारांवरचा एक मराठी पिक्चर लागला. त्या शनिवारी सुदेशने दोन बोटं दाखवली. दुपारी लाइट गेल्यावर म्हणाला, "एक बाई किनाऱ्यार उभी रवता. चार मिनटां. काय बोलना नाय, काय करना नाय. माका तर जांभई इली." लोक हसले आणि कट्ट्यातून कोणी त्या पिक्चरला गेलं नाही.

मंगळवारी तुळसाकाकी दळण घेऊन आली. आचऱ्याची. नवरा आणि दोन्ही मुलगे मासेमारीला जातात, ती कट्ट्याला मासे विकते. रविवारी कणकवलीला मुलीकडे, नम्रताकडे गेली होती, तेव्हा दोघींनी तो पिक्चर बघितला होता. तिने डबा ठेवला आणि हातानेच खूण केली, गिरण बंद कर. सुदेशला वाटलं काही अपघात झाला. त्याने घाईने बटण दाबलं.

"दोन बोटां दाखवलंस म्हणे?"

"होय. कित्याक?"

"त्या बायेन होडये किती मोजल्यान?"

"मोजल्यान? ती तर नुसती उभी होती, काकी."

"नुसती? मेल्या, तिचे ओठ हलत होते! पयल्याच शीनात सहा होडये भायर गेले. ते परत येताना ती मोजता. पाच इले. कोणी तिका सांगूक येवच्या आधी तिका कळलां. आमी दोघी हात धरून बसललव. तू काय बघलंस?"

सुदेशचा चेहरा उतरला. त्या शुक्रवारी त्याची एसटी वाटेत बंद पडली होती. तो थिएटरात शिरला तेव्हा पिक्चर सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा.

"काकी," तो हळूच म्हणाला, "पयलो शीन मी बघूकच नाय."

"आणि तरी बोटां दाखवलंस?"

रांगेत चार-पाच जण होते. सगळ्यांनी ऐकलं.  सुदेशने घड्याळात बघितलं. तीनचा शो होता आणि पावणेदोनची एसटी यायची होती. त्याने अंगावरचं पीठ झटकलं आणि आतल्या खोलीकडे वळून बायकोला ओरडला, "किशोरी, गिरण सांभाळ! काकी, चल माझ्यावांगडा."

"खंय? माझां दळाण?"

"किशोरी दळतली. चल, गाडी इली!"

तुळसाकाकी तशीच, मासे विकून रिकामी झालेली पाटी काखोटीला मारून त्याच्याबरोबर धावली.

थिएटरात नऊच माणसं होती. दिवे गेले आणि सुदेशने पडद्यावर पहिल्यांदा ती सुरुवातीची पहाट बघितली. एकामागून एक होड्या पाण्यात ढकलल्या जात होत्या. तो मोजत होता. सहा. पुढे तो किनारा आला तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर सरकला. बाईचे ओठ खरंच हलत होते. तीन. चार. पाच. मग समुद्र रिकामा, आणि ती बघतेच आहे. हीच ती चार मिनिटं. सुदेशला ती आता संपूच नयेत असं वाटत होतं, आणि ताबडतोब संपावीत असंही. शेजारी तुळसाकाकीने पदर तोंडाशी धरला होता.

बुधवारी सकाळी त्याने गिरण सुरूच केली नाही. पायरीवर उभा राहून म्हणाला, "शनिवारी मी चुकलंय. पिक्चर अर्धवट बघून निकाल दिलंय. चार बोटां! उद्या शेवटचो दिवस. परवा पिक्चर उतरतलो. जावा रे, आणि सुरवात चुकवू नकात!"

"पाचवां बोट खंय गेलां?" भाईने विचारलं.

"गाणां उगाच आसा. पण बाकीचां! भाई, तू चल, मी तिकीट काढतंय!"

गुरुवारी तीनच्या शोला कट्ट्यातली सतरा माणसं गेली. किशोरी आली, शाळेतली वर्षाली टीचर आली, भाई हॉटेल बंद करून आला. सुदेश तिसऱ्यांदा बघत होता, पण पडदा सोडून लोकांचे चेहरेच जास्त बघत होता. किनारा आला आणि मागच्या रांगेतून वर्षाली टीचर पुटपुटली, "पाचच?" सुदेशच्या अंगावर काटा आला.

परतीच्या एसटीत नुसता कालवा. किशोरी म्हणाली शेवट पटला नाही. टीचर म्हणाली शेवटच सगळ्यात चांगला. भाईने ठासून सांगितलं, "माझी तीन बोटां. ती बाई जरा तरी रडूक होई होती."

"रडली नाय म्हणान तर बरो आसा!" सुदेश सीटवरून उठलाच.

"रडना नाय ती कसली बाय?"

"तुळसाकाकीक विचार!"

कंडक्टरने दोनदा सांगितलं, जरा हळू बोला. बाजाराच्या अलीकडच्या स्टॉपवर भाई उतरला, तरी बोलायचा थांबला नाही. रस्त्यावर उभा राहून खिडकीतून भांडत राहिला, आणि सुदेश अर्धा बाहेर वाकून, गाडी हलली तरी त्याला समजावत होता.