फ्यूजचा दानसप्ताह

कंपनीत त्याला सगळे फ्यूज म्हणत. तो तिथला वायरमन होता म्हणून नव्हे, तर कधी उडेल याचा नेम नसे म्हणून. एसी चालू ठेवून कोणी खिडकी उघडली की उडाला. एकाच बोर्डावर कोणी चहाची किटली, मोबाइल आणि टेबलावरचा दिवा लावला की उडाला. लोक त्याला मुद्दाम छेडायचे, तो मुद्दाम चिडायचा, आणि यात दोन्हीकडच्यांचा दिवस बरा जायचा. हिशेब विभागातला टकल्या तर रोज सकाळी त्याला जिन्यात गाठायचा.

"काय फ्यूज, आज कोणाचा नंबर?"

"तुझाच. टेबलाखाली वायरींचं घरटं करून ठेवलंयस, एक दिवस त्यातून पिल्लं बाहेर येतील."

अशा माणसाच्या मागे दरवर्षी दानसप्ताह लागायचा. कंपनी एखादी संस्था निवडायची आणि तिच्यासाठी सगळ्यांनी स्वखुशीने एका दिवसाचा पगार द्यायचा. आता ही स्वखुशी कशी, तेही ऐका. कॅन्टीनच्या दारात एक मोठा फळा लावायचा. त्यावर प्रत्येक विभागाच्या नावापुढे एक दिवा. विभागातल्या झाडून सगळ्यांनी दिलं की दिवा लागणार. एकाने जरी दिलं नाही तरी अंधार, आणि जेवायला जाणारा प्रत्येक जण तो अंधार बघून मगच आत शिरणार. ही कल्पना एचआरच्या मॅडमची. वायरिंग अर्थातच फ्यूजचं. म्हणजे आपल्याच गळ्याचा फास आपणच वळून द्यायचा, वर गाठ नीट बसली का तेही बघायचं.

यंदा सगळे दिवे लागले, देखभाल विभागाचा तेवढा लागला नाही. मॅडमनी त्याला बोलावलं.

"तो दिवा जरा तपासता का? लागत नाहीये."

"दिवा ठणठणीत आहे मॅडम. मी दिलेलं नाही."

"अच्छा, अच्छा. नाही, सक्ती नाहीच आहे, हं. फक्त बाकी सगळ्यांचे लागलेत, म्हणून म्हटलं."

"सक्ती नाही ना? मग राहू दे."

मॅडम हसल्या. हे हसू त्या खास अडेलतट्टू माणसांसाठी राखून ठेवत.

न देण्याचं कारण फ्यूजने कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याची अकरा वर्षांची मुलगी जन्मापासून पायांनी अधू होती. कुबड्यांवर चालायची, आणि तोंडाने मात्र साऱ्या घराला पळवायची. ती जिथे व्यायामाला आणि शिकायला जायची, ते केंद्र पालकांनीच मिळून चालवलेलं होतं. तिथे कोणी कोणाचा उपकारकर्ता नव्हता. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. कोणाचे वडील गाडी चालवायचे, कोणाची आई स्वयंपाकघर बघायची, फ्यूज सुट्टीच्या दिवशी जाऊन पंखे, बटणं आणि पाण्याची मोटर बघायचा. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा वर्ग होता आणि जिना उभा, त्यामुळे लिफ्ट हवी होती. पालकांनी ऐपतीप्रमाणे काढून दिलं, तरी पुरलं नाही. आणि यंदा कंपनीने निवडलेली संस्था नेमकी तीच निघाली. फ्यूज मूग गिळून बसला. लिफ्ट होतेय, होऊ दे. आपण आपल्या वाटचं दिलंय, ते फळ्यावर पेटवून दाखवायची गरज नाही.

पण मग पोस्टरं आली. मॅडमनी त्याच्या हातात गुंडाळी दिली आणि म्हणाल्या, "सगळ्या मजल्यांवर लावून टाका, अगदी डोळ्यांच्या उंचीवर." त्याने शिडी टेकवली, पहिलं पोस्टर उलगडलं, आणि समोर त्याचीच पोरगी.

खिडकीशी एकटी बसलेली. कुबड्या मुद्दाम पुढे ठेवलेल्या. चेहरा असा पडलेला, की बापानेही तो कधी पाहिला नव्हता. खाली ठसठशीत अक्षरांत छापलं होतं: 'हिला तुमच्याशिवाय कोण आहे?'

फ्यूजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कोण आहे? हिची आई कोण आहे? पहाटे उठून हिच्या पायांना तासभर तेल कोण चोळतं, कंपनी? गुंडाळी काखेत मारून तो तडक मॅडमच्या खोलीत गेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ओरडताही येईना, इतका तो संतापला होता.

"हे लावणार नाही मी. ही माझी मुलगी आहे."

आता मॅडम वरमतील, माफी मागतील, पोस्टरं परत घेतील, असं त्याला वाटलं होतं. कोणालाही वाटलं असतं. पण मॅडमचे डोळे भरून आले, आणि दुसऱ्या क्षणी चमकायला लागले.

"अहो दादा! तुमची मुलगी? आपल्याच परिवारातली? आणि तुम्ही इतके दिवस बोलला नाहीत? केवढी सुंदर गोष्ट आहे ही!" त्यांनी लगेच डायरी ओढली. "समारोपाला ती येतेच आहे, आता तुम्हीही तिच्याबरोबर स्टेजवर यायचं. दोन शब्द बोला. नाही जमलं तर नुसते हात जोडा, पोचेल सगळ्यांना."

"मॅडम, मी पोस्टर काढा म्हणतोय."

"कळतंय हो मला. मोकळं होणं सोपं नसतं."

अशा बाईपुढे माणसाने काय करावं? भिंतीवर डोकं आपटलं तर भिंतीला तरी आवाज येतो. पोस्टरं दुसऱ्या कोणीतरी लावली, अगदी डोळ्यांच्या उंचीवर.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली आणि फ्यूजची खरी पंचाईत झाली. कोणी त्याला फ्यूज म्हणेना. सगळ्यांचा तो एकदम दादा झाला. कॅन्टीनवाला चहाचे पैसे घेईना. त्याने एका बोर्डावर तीन वायरी बघून आवाज चढवला, तर ती मंडळी निमूट वायरी काढून म्हणाली, "असू दे दादा, तुमच्या मनावर किती ताण असेल." म्हणजे चिडायचीही सोय गेली. इतकी वर्षं कमावलेला त्याचा राग लोकांनी एका दुपारीत दुःखात जमा करून टाकला. संध्याकाळी फळ्याकडे बघतो तर देखभाल विभागाचा दिवा लागलेला. टकल्याने त्याच्या नावाने परस्पर पैसे भरले होते.

"तुला कोणी सांगितलं होतं रे?" फ्यूजने त्याला जिन्यात धरलं.

टकल्याने मान खाली घातली. "तुला कशाला भुर्दंड, असं वाटलं."

"मला द्यायचे नव्हते! परवडत नव्हते असं नाही, द्यायचे नव्हते!"

"बरं," टकल्या मऊ आवाजात म्हणाला. त्याच्या त्या मऊ आवाजाची फ्यूजला भयंकर चीड आली. आणि वाईटही वाटलं, कारण जिन्यात भांडायला आता कोणी उरलं नव्हतं.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. केंद्रात शिकवणाऱ्या बाईंना उद्याच जाब विचारतो, पोरीला समारोपाला पाठवत नाही, आणि वेळ आली तर ही नोकरीही गेली खड्ड्यात. बायको म्हणाली, "आधी तिला तरी विचारा." मुलगी आतल्या खोलीत गृहपाठ करत होती आणि अर्थातच सगळं ऐकत होती.

"बाबा, मला माहितीये तो फोटो," ती आतूनच म्हणाली. "बाईंनी विचारलं होतं, मी हो म्हटलं."

"असा फोटो काढायला हो म्हटलंस?"

"फोटोला म्हटलं. तोंड पाडायचं ते त्या फोटोवाल्याचं डोकं. मी हसले की तो म्हणायचा, परत. शेवटी मला कंटाळा आला, तो त्याने काढला."

"आणि खाली काय लिहिलंय ते माहितीये?"

माहीत नव्हतं. त्याने तिच्या दारात जाऊन सांगितलं. मग तिने पेन्सिल खाली ठेवली, आणि तिच्या कपाळावर त्याच्याच कपाळावरच्या आठ्या चढल्या.

"मूर्ख आहेत," ती म्हणाली. "पण लिफ्ट हवीये मला. खाली बसून वरच्यांचे आवाज ऐकायचा वैताग आलाय. मी जाणार."

"मी नाही येणार स्टेजवर."

"नको येऊस. मग मी तिथे एकटीच दिसेन, त्यांनी लिहिलंय तशी."

फ्यूजने उठून आपला समारंभाचा शर्ट इस्त्रीला काढून ठेवला.

समारोपाला हॉल गच्च भरला होता. स्टेज सजवलेलं, माइक लावलेला, मोठे साहेब पहिल्या रांगेत. आणि ज्या मंडळींनी लिफ्टसाठी वर्गणी गोळा केली, त्यांनी स्टेजला चढायला ठेवल्या होत्या तीन लाकडी पायऱ्या. कठड्याचा पत्ता नाही. फ्यूजने कपाळावर हात मारून घेतला.

"दादा, पटकन उचलून घ्या ना तिला," मॅडम कुजबुजल्या. "दिसायलाही छान दिसेल."

"मला उचलायचं नाही," मुलगी म्हणाली. ती कुजबुजली नाही.

तिने एक कुबडी बापाच्या काखेत दिली, मोकळ्या हाताने त्याचं मनगट घट्ट पकडलं आणि पहिली पायरी घेतली. वेळ लागत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या, पण पायरी काही टाळ्यांनी लवकर संपत नाही, त्यामुळे त्या मध्येच विरून गेल्या. फ्यूजने हात ताठ करून धरला होता, कठड्यासारखा. तिचं सगळं वजन त्यावर होतं. नखं रुतत होती. दुसऱ्या पायरीवर फोटोवाला समोर येऊन वाकला.

"दादा, इकडे," मॅडम माइकजवळून म्हणाल्या, आणि ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "थोडे हात जोडून उभे राहा ना, एकच क्षण."

मुलीने पायरीवरची नजर काढलीसुद्धा नाही.

"त्याने हात जोडले तर मी पडेन," ती म्हणाली.

फोटो निघाला तो त्याच क्षणी. त्यात दोघंही पायरीकडे बघतायत आणि दोघांच्याही कपाळावर सारख्याच आठ्या आहेत. मॅडमना तो पसंत पडला नाही, दुसरा काढू म्हणाल्या. पण अजून एक पायरी बाकी होती, आणि ती दोघं कोणासाठी थांबली नाहीत.